खुर्चीतला होकार

"मग, उद्या हात वर करायचा. विसरायचं नाही, व्याही," खुर्चीत मान मागे टाकून बसलेले ट्रकवाले म्हणाले. गालभर फेस होता, तरी आवाजातला रुबाब काही कमी झाला नव्हता. होयबाच्या मुलीचे सासरे होते ते.

"विसरतोय कसला," होयबा म्हणाला आणि त्याने वस्तरा हनुवटीखालून अलगद वर नेला.

"जंगल काय चाटायचंय का? नुसतं उभं आहे डोंगरावर. विकलं तर दवाखान्याला छप्पर होईल, पाण्याची नवी लाईन येईल. लाकूड वाहायचं काम कंपनी मलाच देणार आहे. दोन ट्रक तुमचा जावई सांभाळील, म्हणजे गावातच राहील. नाहीतर बंदरावरच्या नोकरीचं बोलावणं आलेलंच आहे त्याला. गेला तर बायकोपोरीला घेऊनच जाईल, सांगून ठेवतो."

"अगदी बरोबर बोललात," होयबा म्हणाला. पण 'बायकोपोरीला' या शब्दासरशी त्याने वस्तरा उचलून कापडाला पुसला. एकुलती एक लेक, आणि तिची ती चिमुरडी. दर रविवारी नात दुकानात यायची. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून तिला वर बसवायचं, कपाळावरची झुलपं कापायची आणि ती आरशात बघून "अजून थोडी" म्हणेपर्यंत हवेतच कैची वाजवत राहायचं. आठवडाभर माणूस त्यावर जगायचा.

पाठीमागे सगळं गाव त्याला होयबा म्हणायचं. त्याला ते ठाऊक होतं. कुणी तोंडावर विचारलं असतं, तर त्यालाही तो हो म्हणाला असता! पण त्याच्या हो-हो करण्याला कारण होतं. वडिलांनी हातात वस्तरा देताना एकच गोष्ट बजावली होती: ज्याच्या गळ्यावर पातं आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की हात हलतो, आणि हात हलला की रक्त येतं. सगळी हयात त्याने ही शिकवण पाळली. गिऱ्हाईक म्हणालं सरकार नालायक, हा म्हणायचा नालायक. पुढचा म्हणाला सरकार झकास, की हा म्हणायचा झकास. रक्त कुणाचं निघालं नाही, आणि वैरही कुणाशी आलं नाही.

नगरपालिकेतही तो असाच गेला. त्याच्या वॉर्डातले दोन तगडे उमेदवार एकमेकांच्या उरावर बसायला निघाले, तेव्हा चार शहाण्या माणसांनी ठरवलं की ज्याचं गावात कुणाशी वाकडं नाही असा माणूस उभा करू. असा माणूस एकच सापडला. तो बिनविरोध निवडून आला. सभागृहात त्याची एक ठरलेली पद्धत होती. ठराव वाचून झाला की आधी इकडेतिकडे बघायचं, जास्त हात कुठे जातायत याचा अंदाज घ्यायचा आणि मग आपला हात हळूच कानापर्यंत न्यायचा. उद्या काही बोंबाबोंब झालीच, तर कान खाजवत होतो म्हणायला माणूस मोकळा.

पण या वेळी पंचाईत झाली होती. डोंगरावरचं ते जंगल गावाच्या मालकीचं. एका मोठ्या कंपनीने ते विकत मागितलं होतं. सात सभासदांत तिघे विकायच्या बाजूचे, तिघे राखायच्या. इकडेतिकडे बघून काही उपयोगच नव्हता.

व्याही गाल चोळत उठून गेले आणि त्याच खुर्चीत मास्तर येऊन बसले. मास्तर म्हणजे जंगल वाचवणाऱ्यांचे पुढारी. केस डोक्यावर मोजकेच, पण बोलणं भरपूर.

"छप्पर काय, वर्गणी काढूनही होईल," मास्तर म्हणाले. "जंगल वर्गणी काढून होतं का? एकदा विकलंत की नातवंडांना कुंपणाबाहेरून दाखवायचं, बघा बाळांनो, हे एकेकाळी आपलं होतं. तुम्ही आमच्याच बाजूचे ना?"

"म्हणजे काय! बरोबरच आहे तुमचं."

मास्तर खूश होऊन गेले. बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसलेला पोस्टमन इतका वेळ हसू दाबून होता, तो फुटलाच. "मामा, कमाल केलीत! एका दुपारी जंगल विकलंतही आणि वाचवलंतही!"

होयबाचा हात थांबला. "मी कुठे विकलं?"

"व्याह्यांना हो म्हणालात. मास्तरांनाही हो म्हणालात. दोघंही आता घरी जाऊन सांगतायत की सातवं मत आपलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं आहे?"

होयबा त्याच्या शेजारी बाकावर टेकला. आजवर त्याच्या होकारांवर कुणाचं काही अडलं नव्हतं, म्हणून ते खपून गेले होते.

पोस्टमनला त्याची कीव आली. "असं करा, उद्या ताप आणा. पांघरूण घेऊन पडून राहा. तीन विरुद्ध तीन, ठराव लोंबकळेल. तुमच्यावर कुणाचा राग नाही."

होयबाने लगेच कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडगार होतं.

पोस्टमनची दाढी उरकून त्याने दुकान लवकरच बंद केलं आणि सायकल डोंगराकडे वळवली. रस्ता पायाखालचा होता. बायकोच्या शेवटच्या वर्षात दुकान उघडायच्या आधी तो तिला सायकलवर मागे बसवून रोज इथे आणायचा. तिला धाप लागायची. त्यांची खोली एका गोदामाच्या पाठीमागे, खिडकी उघडली तर समोर भिंत. भाड्याची खोली, भाड्याचं दुकान. संसारात चारदा घरमालकांनी उठवलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी झाडाखाली चादर अंथरली तेव्हा तिने घाबरून विचारलं होतं, "इथून कुणी ऊठ म्हणणार नाही ना?" त्याने पायथ्याची गंजकी पाटी तिला मोठ्याने वाचून दाखवली होती: हे जंगल सर्व नागरिकांच्या मालकीचे आहे. "म्हणजे आपलंसुद्धा?" ती म्हणाली होती. मग तिने पाय लांब केले होते. इतकी ऐसपैस बसलेली त्याने तिला कधीच पाहिली नव्हती.

त्याच झाडाखाली तो बराच वेळ बसला. समोर खाली गाव दिसत होतं, त्यात व्याह्यांचं पत्र्याचं आवार आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेला एक एवढासा फ्रॉक. फ्रॉक बघितला आणि त्याला रडू आलं. काय करावं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच रडू येत होतं.

उठला तो थेट व्याह्यांच्या दारात. विहीणबाईंनी चहा पुढे केला. त्याने कप हातात घेतला नाही.

"व्याही, मी उद्या हात वर करणार नाही. म्हणजे तुमच्या बाजूने नाही."

ट्रकवाले हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग हसू ओसरलं. "अहो, दुपारी तर हो म्हणालात!"

"दुपारी तुमच्या गळ्यावर वस्तरा होता. त्या खुर्चीतल्या माणसाला मी कधी नाही म्हणत नाही. चूक माझी आहे. उद्या भर सभेत कळण्यापेक्षा आज तोंडावर सांगावं म्हणून आलो."

"मास्तरांनी कान भरले काय तुमचे?"

"नाही हो. मास्तरांचं भाषण मला निम्मं कळतही नाही." तो जरा अडखळला. "आयुष्यभर मी दुसऱ्याच्या जागेत राहिलो, व्याही. त्या झाडाखाली तेवढा कुणाचा भाडेकरू नव्हतो. आमची ही तिथे पाय पसरून बसायची. गावात आणखी कितीतरी असतील तसे. त्यांच्या वाटचं मी कसं विकू?"

"आणि तुमची लेक? तुमची नात? त्या लांब गेल्या तर चालतील?"

"नाही चालणार," होयबा म्हणाला. "मुळीच नाही चालणार."

कपातला चहा निवून गेला.

लेक त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. सगळं तिने आतून ऐकलं होतं. डोळे लाल, नाक त्याहून लाल. "बाबा, उभ्या आयुष्यात तुम्हाला एकदा नाही म्हणायचं होतं, त्याला नेमके माझे सासरेच सापडले का?"

त्याने मान खाली घातली. "चिडलीस?"

"चिडू नको तर काय करू? सामान मला बांधायचंय." तिने पदराने नाक पुसलं, आणि मग त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली. "आता बोललातच आहात, तर उद्या हात ताठ वर करा. नेहमीसारखा कानापाशी रेंगाळू देऊ नका. सगळं गाव हसतं त्याला."

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर बोलले, त्यांच्यावर टाळ्या पडल्या. मग दवाखान्यातली नर्स उभी राहिली. "छत गळतं तेव्हा खाटा मी सरकवते," ती म्हणाली, "झाडं येत नाहीत सरकवायला." होयबाला तिचं म्हणणं मनापासून पटलं. ज्याचं म्हणणं पटलंय त्याला नाही म्हणणं किती कठीण असतं, ते त्या दिवशी त्याला कळलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "विकण्याच्या बाजूने?" तीन हात वर गेले. ट्रकवाले पहिल्या रांगेतून होयबाकडे एकटक बघत होते.

"विरोधात?"

सगळ्यांत आधी वर गेला तो होयबाचा हात. कानाला न लागता सरळ वर गेला आणि तसाच राहिला. अध्यक्षबाई "झालं, घ्या खाली" म्हणाल्या, तरी त्याला ऐकू आलं नाही. शेवटी शेजारच्या सभासदाने तो धरून खाली आणला.

मास्तर मिठी मारायला धावले, पण होयबा त्यांना चुकवून नर्सकडे गेला. "छपराची वर्गणी माझ्या दुकानातून सुरू करा," तो म्हणाला. तेव्हापासून आरशासमोर एक डबा आला. खुर्चीतल्या माणसाकडे तो आता पैसे मागू लागला होता. लोकांना नवल वाटायचं.

जावयाने बंदरावरची नोकरी धरली. निघायच्या दिवशी लेक पोरीला घेऊन दुकानात आली. फळी टाकली, नात वर बसली, त्याने झुलपं कापली. सगळ्या हयातीत जो हात हलला नव्हता, तो त्या दिवशी हलला आणि झुलपं एका बाजूला चढली. "आजोबा, वाकडी झाली," नात म्हणाली. "वाढतील गं," तो म्हणाला. तिच्या आईने पोरीच्या कपाळावरून हात फिरवला.

व्याह्यांनी दुकानात पाऊल टाकलं नाही. समोरून जाताना मान पलीकडे वळवायचे. दाढी म्हणे पलीकडच्या गल्लीत करायला लागले. त्यांचंही घर ओस पडलं होतं. राग धरायला त्यांना पुरेपूर हक्क होता. होयबाने तो कधी नाकारला नाही.

मग एका सकाळी दार ढकलून ते आले. गालावर दोन ठिकाणी कापल्याच्या खुणा. खुर्चीत बसले. होयबाने कापड अंगावर टाकलं, फेस केला.

कोपऱ्यात ती फळी उभी होती. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं. "रोज पुसता वाटतं?"

"पुसतो."

मान मागे गेली. वस्तरा गळ्याशी आला. डोळे मिटूनच ते म्हणाले, "पोरं गेली. काय मिळवलंत? चुकलंच तुमचं. निदान आता तरी कबूल करा."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पातं त्यांच्या कंठाच्या उंचवट्यावर टेकलेलं होतं.

"नाही," होयबा म्हणाला.

हात हलला नाही. व्याह्यांनी डोळे उघडले, आरशात त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मान आणखी थोडी मागे टाकली.