तीस व्होल्टांची सकाळ

मी एक जुना टाँग टेस्टर आहे आणि पिंपळगाव बसवंतचं द्राक्षांचं एक पॅकहाऊस माझ्यामुळे जळालं.

नाही, असं काही झालं नाही. मालक खंडेरावांनी लेखी दिलंय की तिथे फक्त भिंतींना नवा रंग दिला. जुना रंग आपणहून काळा पडला होता. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही ते विसरा. मी सुरुवातीपासून सांगतो.

मला लहानू वायरमनने द्वारका चौकाजवळच्या दुकानातून घेतलं. माझा जबडा खेकड्याच्या नांगीसारखा उघडतो. तो वायरभोवती मिटला की आतून किती अँपिअर वीज धावतेय ते मी काचेवर दाखवतो. पुढचं गणित सोपं आहे. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, म्हणजे शक्ती. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे विजेची अडवणूक. अडवणूक कमी तेवढी वीज जास्त धावते आणि वायर तापते. आठ वर्षं मी एकही आकडा खोटा सांगितला नाही. लोक म्हणत, "लहानूपेक्षा त्याचं यंत्र हुशार."

मग दसरा आला. लहानूच्या बायकोने, चतुराबाईंनी, सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. पकडीला फूल, हातोडीला फूल. मला कपाळ नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा थेट माझ्या काचेवर लावला, अगदी डावीकडच्या पहिल्या आकड्यावर. तो वाळून दगड झाला. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून ते तसंच राहिलं. दहाच्या आतले आकडे मी अजूनही बरोबर दाखवत होतो. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

जानेवारीत निफाड तालुक्यात अशी थंडी पडली की पॅकहाऊसमध्ये पाणी तापवायला दोन मोठ्या कॉइल लावल्या. फ्यूज उडू लागला. दिवसातून चारदा.

खंडेराव ओरडले, "लहान्या, चाळीस बाया हात बांधून बसल्यात! माल मुंबईला कधी जायचा?"

लहानूने मला वायरभोवती धरलं. तेवीस अँपिअर! मी जीव तोडून २३.० दाखवले. त्याला टिळ्याशेजारी फक्त ३.० दिसले.

"दोनशे तीस गुणिले तीन, सहाशे नव्वद वॅट," तो म्हणाला. "इस्तरीएवढा बी लोड नाय. फ्यूजच नाजूक हाय." आणि त्याने फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार पिळून बसवली. भिंतीवरची वायर मात्र पंधरा अँपिअरच सोसणारी होती.

फ्यूज पुन्हा उडाला नाही. सगळे खूश झाले. बोर्डाखाली एक मांजर झोपायला येऊ लागलं. भिंतीवरच्या वायरच्या पट्टीला बायका हात शेकू लागल्या. पॅकिंगच्या फुलाबाई म्हणाल्या, "लहानूभाऊंनी भिंतीतच शेगडी बसवली, बाई." सगळ्या हसल्या. पुठ्ठ्यांचा ढीग त्या पट्टीला टेकून उभा होता.

चौथ्या दिवशी सुपरवायझर उज्ज्वलाताईंनी कॉइलचा खोका वाचला. "लहानूभाऊ, एक कॉइल अडीच हजार वॅटची. दोन म्हणजे पाच हजार. तुमचे सहाशे नव्वद आले कुठून?"

"यंत्र खोटं बोलंल का, ताई?"

ताईंनी व्होल्ट मोजायला माझ्या पिना सॉकेटात घातल्या. काचेवर तीस.

"तीस व्होल्टवर ट्यूब पेटल्यात?"

"आज व्होल्टेज लय कमी आलंय," लहानू गंभीरपणे म्हणाला.

ताईंनी नखाने टिळा खरवडायला घेतला. लहानूने त्यांचा हात धरला. "दसऱ्याचं हाय ते! हंगाम बसंल!"

त्यांनी खरवडलंच. दोनशे तीस. मग माझा जबडा वायरभोवती मिटला. तेवीस. ताई पुटपुटल्या, "दोनशे तीस भागिले तेवीस, दहा ओहम..." आणि थांबल्या. मांजर उठून निघून गेलं होतं.

"बाहेर! सगळ्या बाहेर!"

"एवढा खोका भरू द्या की, ताई," फुलाबाई म्हणाल्या.

"फुलाबाई, खोका पेटलाय!"

चाळीसच्या चाळीस जणी बाहेर आल्या. मी वायरलाच लटकत राहिलो. माझा जबडा वितळला.

आता मी लहानूच्या दुकानात देव्हाऱ्यात असतो. टेस्टरने चाळीस जणी वाचवल्या म्हणून लोक मला नारळ वाहतात. लहानूने नवा टेस्टर घेतलाय. या दसऱ्याला चतुराबाईंनी त्याच्या काचेवर टिळा लावला, माझ्यापेक्षा मोठा. काल त्या टेस्टरने एका मंगल कार्यालयाची वायर मोजली आणि लहानूला चार अँपिअर दिसले. त्याने खिशातून जाड तार काढली.

मित्रांनो, भक्त देवाकडे मागतात. इथे देवालाच भक्तांकडे अर्ज करावा लागतोय:

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, नव्या टेस्टरची काच ओल्या फडक्याने एकवार पुसण्यात यावी. कार्यालयात उद्या दुपारी लग्न असून पाचशे पाने उठणार आहेत. तरी सदर कार्यवाही मुहूर्तापूर्वी व्हावी आणि अर्जाची पोच मिळावी.