जयाबाईंची गिरणी

अर्धापुरात पीठगिरणी चालवता चालवता जयाबाईंचे कान पन्नाशीच्या आतच निम्मे गेले. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, "कोमट तेल घालणं बंद. गिरणीत कान झाकले नाहीत, तर उरलंसुरलंही जाईल." जयाबाईंनी कानांवर बसणारी जाड टोपणं आणली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "जाड का बारीक, ते डब्यावर खडूनं लिहा. बोलायचं असलं तर हात करा, मी गिरणी थांबवते."

गल्लीला हे झोंबलं. गिरणीत ओरडूनच बोलायचं, ही तिथली पिढीजात रीत. एकदा गिरणी चालू असताना दळणाला आलेली रुक्मिणबाई शेजारणीला बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणाली, "लई शहाणी झाली ही! चार दिवसांत ठार बहिरी होईल, मग कोण येतंय हिच्याकडं?"

नेमकं तेव्हाच दळण संपलं. जयाबाईंनी बटण दाबलं, टोपणं काढली. गिरणी थांबली, रुक्मिणबाईचं वाक्य काही थांबलं नाही. अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं.

"आलं बरं ऐकू, मावशी," जयाबाई म्हणाल्या. "याच्यासाठीच तर कान जपायलेय मी."

त्यांनी टोपणं पुन्हा चढवली, खडू रुक्मिणबाईच्या हातात ठेवला आणि डब्याकडं बोट केलं.

रुक्मिणबाईनं डब्यावर लिहिलं, 'बारीक'.