टेबलावरचं मटण

निवृत्तीनंतरही मी तालुक्याच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासायला जातो. फार बोलत नाही. बोललो की चुकलो असं वाटतं.

यंदा तिथे डीएनए वाचणारं स्वयंचलित यंत्र आलं. नमुना ठेवला की ते त्यातल्या अक्षरांची साखळी छापून देतं. एमएस्सीच्या तृप्तीने कोंढ्याच्या आणि लाखांदूरकडच्या तलावांतल्या मरळ माशांचे तुकडे आणले होते. दोन्हीकडची मरळ एकाच वंशातून फुटली का, हे तिला पाहायचं होतं. काम जमलं तर हैदराबादच्या प्रशिक्षणाला तिचं नाव जाणार होतं.

निकाल आला. सगळ्या नमुन्यांत बकरा.

मलाच वाचता येत नसेल म्हणून मी पुन्हा वाचला.

"सर, यंत्र आल्याच्या पार्टीचं मटन इथंच कापलं होतं," तृप्ती म्हणाली.

विभागप्रमुख धनंजय सरांनी ते नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि नमुन्यांच्याच टेबलावर, त्याच सुऱ्यांनी कापवून घेतलं होतं. मी फ्रीज उघडला. तळाशी गोठलेलं काळपट रक्त, चरबीचे पापुद्रे आणि त्यात चिकटलेल्या तृप्तीच्या नळ्या. मी दार लोटलं.

"कायले एवढं मनावर घेता?" धनंजय सर म्हणाले. "नेटवरून मरळची साखळी उतरवा अन् लावा. तिच्या वर्गातल्या अनुपनं लावली न!"

"मंग मासे कायले पकडले, सर?" तृप्तीने विचारलं.

"खायले!" म्हणत ते स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती आली. तृप्तीने बकराच पुढे ठेवला.

"पोरीनं हात धुतले नसतील," धनंजय सर म्हणाले.

मी उभा राहिलो. "मटण या टेबलावर कापलं होतं." आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्षांनी "काय?" विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

टेबलावर टेकवलेला हात अध्यक्षांनी उचलला, रुमालाला पुसला. "म्हणजे यंत्र अचूक आहे," ते म्हणाले आणि तसा शेरा लिहिला. प्रशिक्षणाला अनुपचं नाव गेलं. त्याची साखळी थायलंडमधल्या मरळीशी अक्षरन् अक्षर जुळत होती. मी ते सांगू लागलो, तोवर समोसे आले. त्याच टेबलावर. सगळ्यांनी खाल्ले.

तृप्तीने नळ्या कचऱ्यात ओतल्या.

"नवे मासे आणीन, सर. पण कापीन घरीच. आमच्याकडं मटन कापाची पावशी तरी वेगळी हाये."