तीन रिकाम्या खाचा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर पुन्हा ते गोल चक्र फिरू लागलं आणि मॅडमनी कपाळाला हात लावला. आपल्यापैकी कोणाच्या कार्यालयात हे चक्र फिरलेलं नाही? पण इथं त्या चक्रापायी अकरा मुलामुलींच्या परीक्षेची तयारी अडली होती.

ही खोली बोलक्या पुस्तकांची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी इथं पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करत. मॅडम या विभागाच्या प्रमुख. कायद्याची परीक्षा नऊ दिवसांवर आलेली. पुस्तक वाचून केव्हाच झालं होतं, पण त्यातली खरखर काढून आवाज स्वच्छ करायला एकेका प्रकरणाला पाऊण तास लागत होता. मध्येच संगणक अडकला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

"वहिनी, आता हे खोकं काढाच!" मॅडमचे धाकटे दीर म्हणाले. नव्या यंत्रांची बित्तंबातमी त्यांच्याकडे असे, म्हणून घरात सगळे त्यांना 'अपडेटभाऊ' म्हणत. माणूस मात्र सोन्यासारखा. स्वतःची रजा टाकून मदतीला आलेले. "नव्या पिढीची मेमरी आलीये. काय वेग आहे तिचा! तुमचं पुस्तक चुटकीसरशी होईल!"

"मग तेवढी मेमरी आणून बसवू या ना."

"तसं नाही जमत. मेमरीची नवी पट्टी जुन्या बोर्डात बसतच नाही. तिच्यासाठी बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलला की प्रोसेसर बदलायचा…"

"म्हणजे बटणासाठी नवा सदरा शिवायचा!" मॅडम हसल्या. पण खरं सांगायचं तर मोह त्यांनाही झाला होता. काळेभोर, चकचकीत नवे संगणक त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होते. त्यांनी वाचनालयाच्या अध्यक्षांना गळ घालून पाच यंत्रांची मंजुरीही मिळवली होती. कोपऱ्यात चार बंद संगणक 'भंगार' अशी चिठ्ठी लावून उभे होते, आणि हा पाचवा त्यांच्या रांगेत जायचा होता. राहिला होता फक्त 'हे दुरुस्त होण्यासारखे नाहीत' असा दुरुस्ती करणाऱ्याचा दाखला. त्यासाठी मॅडमनी पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकूंना बोलावलं.

काकू आल्या. पन्नाशी उलटलेली, गळ्यात दोरीचा चष्मा, हातात पाने-पेचकसांची कापडी गुंडाळी.

"काकू, इथं फक्त सही करा," अपडेटभाऊंनी कागद पुढे केला.

"न तपासता? नाडी न बघता मृत्यूचा दाखला देतात का कुठं? बाई, तुमचं काम नेमकं कुठं अडतंय ते दाखवा आधी."

मॅडमनी एक प्रकरण उघडलं. काकूंनी मेमरीची मोजपट्टी पडद्यावर आणली. सत्त्याण्णव टक्के भरलेली!

"हे बघा. मेमरी म्हणजे कामाचं टेबल. तुमचं टेबल एवढंसं आणि कागद ढीगभर. म्हणून हा बिचारा दर मिनिटाला उठून कपाटाकडे धावतोय. टेबल नव्या लाकडाचं हवं का, हे मग ठरवू. आधी ते ऐसपैस तर करू."

चार स्क्रू निघाले, झाकण उघडलं. अपडेटभाऊंनी मोबाइलचा उजेड आत पाडला आणि तेच ओरडले, "अहो वहिनी! मेमरीच्या खाचा चार आहेत आणि पट्टी एकच! तीन रिकाम्या!"

"आणि त्या कोपऱ्यातल्या चौघांत याच पिढीच्या दोन-दोन पट्ट्या दिसतायत," काकू त्यातल्या एकाचं झाकण काढून बघत म्हणाल्या. "भंगार म्हणून ठेवलेल्या."

सहा वर्षं मॅडम या यंत्रापुढे बसत होत्या. झाकण उघडून बघायचं कधी सुचलंच नव्हतं!

अपडेटभाऊ मात्र सहजी हार मानणारे नव्हते. "पण काकू, जग पुढे चाललंय. आपण जुनं कवटाळून बसायचं?"

"छे! ज्याचं काम नव्यावाचून अडतं, त्यानं जरूर घ्यावं. उद्या तुमचं अडलं तर मी स्वतः आणून बसवीन." काकूंनी त्या उघड्या संगणकातली एक पट्टी हळुवारपणे बाहेर काढली. "पण आपण टाकलेलं जातं कुठं, ठाऊक आहे? माझी धाकटी बहीण भंगाराच्या आवारात असे बोर्ड तापवून त्यातले तुकडे वेगळे करायची, उघड्या हातांनी. तो धूर चार वर्षं तिच्या छातीत गेला. आता जिना चढताना ती दर तीन पायऱ्यांना थांबते. तेव्हापासून मी डोळे झाकून सही करत नाही."

अपडेटभाऊंनी मुकाट्यानं दुसऱ्या संगणकाचं झाकण उघडायला घेतलं.

तीन पट्ट्या बसल्या. मॅडमनी बटण दाबलं. पडदा काळा! नुसता पीं पीं आवाज!

"गेला का?" मॅडमनी विचारलं. नऊ दिवस, आणि हातचं होतं तेही गेलं?

"थांबा हो. पट्ट्यांवर वर्षानुवर्षांची धूळ आहे, लगेच कशा बोलतील?" काकूंनी पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं अलगद घासल्या, पुसल्या आणि कट् आवाज होईपर्यंत दाबून बसवल्या. "आता दाबा."

पडदा उजळला! मेमरी चौपट! मॅडमनी तेच प्रकरण पुन्हा लावलं. एक मिनिट… तीन… सहा मिनिटांत आवाज स्वच्छ!

"झालं? इतक्यात?" दाराशी बसलेली परीक्षार्थी मुलगी उठून उभी राहिली. ती रोज यायची, रोज 'उद्या ये' ऐकून जायची. मॅडमनी तिच्या कानांना हेडफोन लावला. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि आनंदानं टाळीच वाजवली. "ताई, पुढचं प्रकरण लावा! मी आज इथून हलत नाही!"

अपडेटभाऊंनी तर काकूंचे हातच धरले. "काकू, इतके दिवस मी वेगाच्या गप्पा मारतोय, पण झाकण उघडायला आज शिकलो!"

मग मॅडमनी अवघड काम केलं. अध्यक्षांना फोन लावला.

"साहेब, ती पाच यंत्रं नकोत. मी नीट न बघता मागणी केली. चूक माझी."

"मंजूर झालेलं परत करणारं माणूस मी प्रथमच पाहतोय, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

पुस्तक परीक्षेच्या पाच दिवस आधी अकराही जणांच्या हातात पडलं. कोपऱ्यातल्या चौघांपैकी तिघांत काकूंनी जीव आणला. मुलं त्यांच्यावर उत्तरं टाइप करण्याचा सराव करू लागली. चौथा खरोखरच संपला होता. त्याच्या दाखल्यावर काकूंनी सही केली, आणि तो रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रात पोहोचला की नाही, हे मॅडम स्वतः जाऊन पाहून आल्या.

वाचकहो, नवं तंत्रज्ञान येत राहणार, आणि ते यावंच. त्याचं कौतुकही करू या. पण 'नवं काय आलंय' हे विचारण्याआधी 'माझं काय अडलंय' हे विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. आपण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी हातात, कोणाच्या तरी श्वासात जाते. म्हणून फेकण्याआधी एकदा उघडून बघा!