मुइक्कूंचा वास

रुओकोलाम्पीच्या आइस हॉकी संघाचं नाव 'मुइक्कू', म्हणजे आमच्या तळ्यातली बोटाएवढी मासळी. संघ काढला तो कोळ्यांनी. पहिल्याच सामन्याला ते जाळी ओढून तसेच बर्फावर उतरले, तेव्हा तळ्यापलीकडच्या तेर्वासारीवाल्यांनी नाकं धरली. पण आमचे लोक कसले खमके! पुढच्या सामन्याला छातीवर मासळी रंगवूनच आले. पुढे संघ व्यावसायिक झाला, खेळाडूंना पगार सुरू झाले, तरी मासळी काही हटली नाही.

आणि आता हेलसिंकीहून आलेला नवा व्यवस्थापक सांप्सा म्हणत होता, "मासळीला कोण घाबरतं? आजपासून आपण लांडगे."

"लांडगा इथे कुणी तळून तरी खाल्लाय का?" वेयो पाकारिनेनने विचारलं. सामन्यात माइकवरून पुकारा करायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतं.

"चेष्टा पुरे, वेयो. जुनं नाव तोंडातून निघालं, तर माइक दुसऱ्याकडे जाईल."

त्या माइकवर वेयोचा जीव होता.

संध्याकाळी संघ बर्फावर उतरला. समोर तेर्वासारीच. वेयोने कसंबसं म्हटलं, "रुओकोलाम्पीचे लांडगे!"

सगळं स्टेडियम गपगार. घरच्या माणसांनीही टाळी वाजवली नाही. तेर्वासारीवाले तर नेहमीप्रमाणे नाकाकडे नेलेला हात तसाच धरून एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी त्यांच्यातली एक धिप्पाड बाई उठून ओरडली, "ए वेयो! आमची मासळी कुठे घालवलीस रे? लांडग्यांना आम्ही काय म्हणून चिडवायचं?"

वेयोला हसू आवरेना. माइक गेला खड्ड्यात! "मुइक्कू!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "रुओकोलाम्पीचे मुइक्कू!"

"वास येतोय!" तेर्वासारीवाले खुशीत नाकं धरून गरजले.

"मग जेवायला या!" अख्ख्या गावाने नेहमीचं उत्तर ठोकलं. छप्पर दणाणलं. वेयोच्या डोळ्यांत आनंदाने पाणीच आलं.

तेवढ्यात सांप्सा लालबुंद होऊन पुकाऱ्याच्या वरच्या खोलीत शिरला आणि त्याने हात पुढे केला. वेयोने निमूटपणे माइक दिला. खाली पुन्हा आरोळी उठली, "वास येतोय!"

सांप्साने काचेतून खाली पाहिलं. दोन्ही संघांचे खेळाडू बर्फावर काठ्या आपटत हसत होते. त्याने घसा खाकरला.

"मग जेवायला या!" तो शहरी हेल काढून माइकवर ओरडला. मग माइकवर हात दाबून हळूच म्हणाला, "वेयो, एवढ्या लोकांना मासळी पुरेल ना रे?"