दोन कानांचा प्याला

टेबलावर मांडलेले चाळीस इवलेसे काचेचे पेले दौलत उपदेशकाने डोळे भरून पाहिले, हात जोडले आणि म्हणाला, "बाई, फार सुंदर आहेत. पण मला नकोत."

मृणालिनीबाई गिरगावातल्या चर्चच्या महिला मंडळाच्या चिटणीस. नगरकडच्या दौलतच्या खेड्यात प्रभुभोजनाचा, उपासनेत सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा जुना प्याला बैलगाडीच्या चाकाखाली चेपला, तेव्हा त्यांनीच नवा देतो म्हणून कळवलं होतं आणि घरोघर फिरून हे पेले जमवले होते. आणि आता हा फेटेवाला माणूस नको म्हणतो!

"अहो दौलतराव, हल्ली सगळीकडे असंच करतात. ज्याचा त्याचा पेला वेगळा. एका भांड्याला साऱ्या गावाचे ओठ लागले की क्षय पसरतो. माझा भाऊ त्यातच गेला."

दौलत खाली बघू लागला. बाई खोटं बोलत नव्हत्या, हीच पंचाईत होती.

"बाई, आमची मंडळी अर्धी महारवाड्यातली, अर्धी मांगवाड्यातली. बाप्तिस्मा सगळ्यांनी एका दिवशी घेतला. पण एका भांड्यातून प्यायला तयार करता करता माझे केस गेले. हे पेले नेले तर दोन्ही वाडे खूश होतील. फार खूश होतील. म्हणूनच नकोत."

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. एका प्याल्यातून प्यायला लागली तरी आधी कोणी प्यायचं, यावर मंडळी अजून अडत होती. नंतर प्यायचं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं प्यायचं. दौलतने पाळ्या लावून दिल्या होत्या. तरी ज्यांची पाळी मागे, त्यांचे चेहरे द्राक्षारसाऐवजी दिलेलं मनुकांचं उकळलेलं पाणी नव्हे, कडुनिंबाचा काढा प्यायल्यासारखे.

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"एक प्याला. मोठा. गावात कुणाच्याच घरातला नसलेला."

"आज मिळायचा नाही. हरताळ आहे. भांड्यांचं एक दुकान उघडं दिसलं तर मला सांगा."

"आणि रात्रीची गाडी मला गाठायचीच आहे. रविवारी प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेब येताहेत. ते एकदा गेले की परत चार महिने नाहीत."

बाईंनी सुस्कारा सोडला, कपाटातून पांढरंशुभ्र फडकं काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "हट्टी आहात. निदान दर माणसामागे काठ पुसा. शब्द द्या."

दौलतने शब्द दिला.

ट्राम नव्हती, बस नव्हती. तो चालत निघाला. नायगावात चाळीत बहीण राहत होती, तिथे टेकायचं आणि मग गाडीचं बघायचं. चेपलेला प्याला पुन्हा वापरायचा नाही आणि काचेचे पेलेही न्यायचे नाहीत, एवढंच त्याचं ठरलं होतं. मग न्यायचं काय, ते अजून ठरलं नव्हतं.

लालबागला पोरांनी वाट अडवली. "ओ फेटेवाले मामा, कुठचे?"

"नगरकडचा."

"मुंबई पाहिजे ना महाराष्ट्रात? मग आवाज द्या की!"

शेताच्या या बांधावरून त्या बांधावर उपदेश ऐकवणारा तो गळा. दौलतने "झालाच पाहिजे!" अशी काही आरोळी ठोकली की वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. "अरे, ह्यांना मोर्च्याच्या पुढे घ्या रे!" पोरं ओरडली. त्याने हसून हात हलवला आणि भोईवाड्याचा रस्ता धरला. बरं वाटलं त्याला. सकाळपासून 'नको, नको' म्हणून तोंड आंबलं होतं.

सुभद्राने दारातच विचारलं, "मिळालं का दादा, तुमच्या देवाचं भांडं?"

ही त्याची धाकटी बहीण. दौलत तरुणपणीच ख्रिस्ती झाला, ती दोन वर्षांमागे नवऱ्यामुलांसह बौद्ध झाली. भावाबहिणीत भांडण म्हणावं असं काही नव्हतं. टोमणे मात्र चहाबरोबर ठरलेले.

दौलतने सगळं सांगितलं. सुभद्रा म्हणाली, "किती वर्षं समजूत काढणार त्यांची? आम्ही बघ, देवालाच रजा दिली. भांडणच मिटलं."

"मिटलं? समोरच्या खोलीतली कोकणातली म्हातारी तुझ्या हातचं पाणी पिते?"

"म्हातारी नाही पीत," सुभद्रा म्हणाली. "तिचा दत्ताराम पितो. त्यातनं." तिने फळीकडे हनुवटी उडवली.

फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, एक चषक होता. दोन बाजूंना दोन मोठे कान, झाकणावर चड्डीतला खेळाडू हात पसरून उभा. तिचा मुलगा आनंदा चाळीच्या हुतूतू संघाचा कप्तान होता.

"जिंकलो की आम्ही त्यातच सरबत करतो, मामा," आनंदा म्हणाला. "सगळा संघ त्यातनंच पितो."

"आधी कोण?"

"आधी? ज्याला जास्त तहान तो. यंदा दत्ताराम प्याला, मग मी, मग पुन्हा दत्तारामच. चोर साला!"

दौलत उठला. फळीवरून चषक उतरवून त्याने मांडीवर घेतला आणि काठावरून बोट फिरवलं.

"मामा, उष्टा आहे तो. नीट धुतलासुद्धा नाही कोणी."

"धुऊ. देशील मला?"

"माझा एकट्याचा कुठाय? संघाचा आहे." आनंदाने गॅलरीतून हाक मारली. "ए दत्ताराम! ये रे जरा!"

गिरणी बंद म्हणून दत्ताराम घरीच होता. लुंगी सावरत आला, सगळं ऐकलं, डोकं खाजवलं आणि होकारार्थी मान डोलावली. "व्हरा मामांनू, खुशाल व्हरा. पण पुढल्या सामन्यांक परत हाडा हां. आमका मिरवूक व्हयो."

"आणतो. स्वतः आणतो."

सुभद्राने बडबडत का होईना, चिंच लावून चषक घासला. झाकण मात्र दौलतने फळीवर परत ठेवलं. पाळकसाहेबांना एवढं सगळं झेपलं असतं, तो चड्डीवाला झेपला नसता.

रविवारी शाळेच्या खोलीत, वेदी म्हणून मांडलेल्या टेबलापुढे, दोन्ही वाडे जमले. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून चषक दौलतच्या हाती दिला. नेहमीसारखी कुजबुज झाली. या खेपेला पाळी महारवाड्याची होती, आणि मांगवाड्याचे म्हातारे बुधाजी मान फिरवून बसले होते.

"आज पाळी नाही," दौलत म्हणाला. "हा प्याला नायगावच्या पोरांचा आहे. कोकणातली, देशावरची, आपल्यातली. ती आधीच पिऊन बसलीत. आता इथे कोणीही प्यालं तरी मागचाच."

बुधाजींनी फिरवलेली मान परत वळवली.

"खरं?" बुधाजींनी विचारलं.

"मी उपदेशक आहे, बुधाजी. वेदीपुढे उभा आहे."

बुधाजी उठले. वाटेत महारवाड्याच्या रामजीपाशी थांबले आणि म्हणाले, "चल की. दोन कान आहेत त्याला." दोघांनी एकेक कान धरला. रामजी आधी प्यायला. दौलतची बायको रखमा फडकं घेऊन पुढे झाली, तशी बुधाजींनी तिला हाताने थांबवलं, आणि रामजीचे ओठ टेकले होते तिथेच ओठ टेकून ते प्याले.

मग मात्र दौलतने रखमाकडून फडकं घेऊन काठ पुसला. बाईंना शब्द दिला होता.