बापूजी गहाण्यांचं मशीनदान

मालगुजारी गेली त्या साली बापूजी गहाण्यांचं वय बावन्न होतं आणि करायला काही उरलं नव्हतं. नागभीडपासून गाडीवाटेनं तीन कोसांवर सावरटोला. तो आणि शेजारची दोन गावं त्यांच्या वडिलांनी सांभाळली, मग त्यांनी सांभाळली, आणि एका सकाळी पटवारी येऊन सांगून गेला की आता ती सरकार सांभाळणार. घरापुढची कचेरी ओस पडली. कालपर्यंत पायरीशी हात जोडून उभे राहणारे लोक रस्त्यानं सरळ निघून जाऊ लागले. बापूजी मात्र रोज फेटा बांधून लोडाला टेकून बसायचे आणि कुणी येत नाही असं बघून जेवायला उठायचे.

अशात चांद्याला एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. बापूजी बंदुकीसाठी गेले. बंदूक दुसऱ्यानंच नेली, तेव्हा रागाच्या भरात ते मडमेचं शिवणाचं मशीन घेऊन आले. जुनं हातमशीन होतं. काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. बापूजींनी ते कचेरीत गादीसमोर ठेवलं. ठेवल्यावर त्यांना वाटलं, समोर कुणीतरी बसलंय. आणि बसलेलं माणूस उठून जात नाही.

तिथून नाद लागला. वरोऱ्याच्या एका शिंप्याच्या विधवेकडून एक आलं, बंद पडलेल्या मिशनच्या माळ्यावरून दोन आली, एक तर ब्रह्मपुरीच्या बाजारात भंगारवाल्याच्या गोणीतून निघालं. जितकं जुनं तितकं बापूजींना प्यारं. मशीनवरचा नंबर उतरवून ते शाळामास्तरांकडून मुंबईला कंपनीच्या नावे इंग्रजीत पत्र घालत आणि मशीन कोणत्या सालचं याचं उत्तर आलं की गावभर सांगत. चार वर्षांत सतरा मशीनं झाली. पूर्वी कचेरीत माणसं मानाप्रमाणे बसत, तशी मशीनं वयाप्रमाणे मांडली गेली. सगळ्यांत म्हातारं गादीच्या उजव्या हाताला.

हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एकदा सुगंधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उशीचा अभ्रा शिवून पाहू का, असं विचारलं.

"एवढ्या जुन्या वस्तूले कामाले लावतेस काय?" बापूजी ओरडले.

"मले त लावता ना," सुगंधाबाई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

गाडीवान कोलू एके दिवशी म्हणाला, "मालक, सिंदेवाहीच्या पुढच्या जंगलात पिपरटोलीले बुधरी म्हणून बाई हाये. तिच्यापाशी शिंपल्याच्या नक्षीची मशीन हाये. बाजाराबाजारात बसून चोळ्या शिवते."

शिंपल्याची नक्षी सतरांत एकावरही नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली.

बुधरी मांडवाखाली फळीवर मशीन ठेवून शिवत बसली होती. गोंडाची बाई, तिच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्दच नव्हता.

"तू कोन?"

"सावरटोल्याचे मालगुजार हायेत," कोलूनं सांगितलं.

"मालगुजारी त गेली," ती म्हणाली, चाक फिरवतच.

बापूजींनी ते गिळलं. मशीन मागितलं. बदल्यात कोरी करकरीत पायमशीन देतो म्हणाले.

"तुले शिवता येते?"

"नाई."

"तुह्या बायकोले?"

"नाई."

"मंग कायले पायजे?"

"ठेवाले. माह्यापाशी अजून सतरा हायेत."

बुधरीचं चाक पहिल्यांदा थांबलं. "सतरा? आन् एकबी चालत नाई?"

"आमी चालवत नाई."

तिनं दोरा ओढून मोकळा केला आणि टोक बापूजींच्या हातात दिलं. "ओव. रिळापासून सुईपर्यंत ओवून दाखव, मंग मशीन तुही."

सतरा मशीनांच्या मालकानं दोरा हातात घेतला. पहिल्यांदा तो मुठीला गुंडाळला गेला, मग भलत्याच भोकातून मागे निघाला. शेजारच्या बाया कामं टाकून बघायला आल्या. बापूजींच्या कपाळावरून घाम ओघळून थेट मशीनवर पडला, तो बुधरीनं पदरानं टिपला. मशीनवरचा, बापूजींचा नाही.

"हिल्ले," ती म्हणाली. कोलूला गोंडी येत होती, पण मालकांना 'नाही'चा अर्थ सांगायची गरज पडली नाही.

परतीच्या वाटेवर बापूजी तीनदा म्हणाले, "बाई मूर्ख हाये." कोलू तीनदा "हो जी" म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात विकास गटाचे अधिकारी लांजेवार साहेब जीपमधून उतरले. चेहरा उतरलेला. आठ दिवसांनी मंत्री येणार होते आणि त्यांना सावरटोल्याचं महिला शिवण केंद्र बघायचं होतं.

"आमच्या गावात शिवण केंद्र हाये?" बापूजींनी विचारलं.

"वर्षभरापासून आहे," लांजेवार म्हणाले. "अहवालात चाळीस बाया शिकून बाहेरसुद्धा पडल्या आहेत. फक्त मशीनं यायची राहिली. बापूजी, एका दिवसापुरता तुमचा संग्रह द्या. रीतसर पावती देतो. आणि विचार करा, खुद्द मंत्री तुमचा एकेक नग बघणार!"

शेवटचं वाक्य नेमकं लागलं. गेली चार वर्षं बापूजी त्या नगांकडे बघणारा कुणीतरी शोधत होते. पावती झाली, तीत प्रत्येक मशीनचं वर्णन आणि साल बापूजींनी स्वतः सांगून लिहवलं. अडचण राहिली ती एकच. गावात कुणाला शिवता येत नव्हतं. कोलूनं पुन्हा बुधरीचं नाव काढलं आणि सरकारी जीप तिला तिच्या मशीनसकट घेऊन आली.

त्या दिवशी शाळेच्या पडवीत अठरा मशीनं, अठरा बाया. बुधरी खरोखर शिवत होती. बाकीच्यांना लांजेवारांनी बजावलं होतं की मंत्री जवळ आले की मूठ फिरवायची आणि हसायचं. सगळ्यांत म्हाताऱ्या मशीनवर मान म्हणून सुगंधाबाईंना बसवलं होतं. मंत्री नेमके तिथंच थांबले.

"काय शिवता बाई?"

सुगंधाबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "काईच नाई जी. सुईच नाई इले."

बापूजींनी खांब धरला. लांजेवार पुढे झाले. "साहेब, आमच्याकडे पहिले सहा महिने बिनसुईचं शिक्षण असतं. बोटाला इजा नको म्हणून."

मंत्री सचिवाकडे वळून म्हणाले, "हे लिहून घ्या. सगळ्या जिल्ह्यांत सुरू करा."

मग भाषण झालं. भूदानाचे दिवस होते. दान म्हटलं की मंत्र्यांना बोलायला उत्साह यायचा. मशीनं कुणाची, असं त्यांनी लांजेवारांना वाकून विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर त्यांनी आपल्या परीनं वाढवलं. "कुणी भूमी देतो, कुणी श्रम देतो. पण या गावच्या एका माजी मालगुजारानं आपली सतराच्या सतरा यंत्रं भगिनींच्या चरणी अर्पण केली! याला मी मशीनदान म्हणतो!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी बापूजींना धरून पुढे आणलं, मंत्र्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. पाच वर्षांत पहिल्यांदाच साऱ्या गावानं त्यांच्याकडे बघून हात जोडले होते. 'एका दिवसापुरती दिली होती' हे वाक्य बापूजींच्या जिभेवर आलं, हाराच्या वासानं गुदमरलं आणि पोटात परत गेलं.

दुसऱ्या दिवशी ते पावती घेऊन लांजेवारांकडे गेले.

"बापूजी, परवा केंद्र नव्हतं, तेव्हा मशीनं तुमची होती," लांजेवार समजुतीनं म्हणाले. "आता केंद्र आहे. तुम्ही अर्ज करा, मी वर पाठवतो."

अर्ज नागपूरला गेला. स्मरणपत्रं गेली. पुढे छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यच बदललं. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बापूजींची फाइल, कुणाच्या तरी घाईनं, भोपाळच्या गाडीत चढली. भोपाळहून उत्तर आलं की सावरटोला हे गाव या राज्यात आढळत नाही.

मंत्र्यांनी जाता जाता बुधरीला शिक्षिका नेमायला सांगितलं होतं, कारण शिवताना दिसली ती तेवढीच. ती सावरटोल्यात येऊन राहिली. बापूजींनी शाळेच्या बाजूचा रस्ता सोडला. पण सुगंधाबाई रोज दुपारी केंद्रात जायच्या आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता बातम्या द्यायच्या. आज मिशनची मशीन घासलेटात बुडवली. आज वरोऱ्याच्या मशीनचा धोटा काढून दुसरीले बसवला. बापूजी अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचे.

मडमेचं मशीन खोललं हे कळलं त्या दिवशी ते पावती घेऊन ताडताड केंद्रात गेले. मशीन सुपात होतं. पेच एकीकडे, स्प्रिंगा एकीकडे, तांदूळ निवडावेत तशी बुधरी ते निवडत होती.

"बंद कर!" बापूजी ओरडले. "ती मशीन कोनाची हाये मालूम हाये तुले?"

"बस," बुधरी म्हणाली. "हे धर. घट्ट."

तिनं त्यांच्या बोटांत एक स्प्रिंग दिली. सोडली तर उडून हरवली असती, म्हणून बापूजींनी धरली. ती एकेक पेच लावून बघत होती आणि एकही बसत नव्हता.

"तो इचा नाई," बापूजींच्या तोंडून गेलं. "हा जर्मन मशीनचा. इचा पेच बारीक असते, डोकं चपटं." सतरा मशीनांचा एकेक तुकडा त्यांना पाठ होता, वर्षानुवर्षं दुसरं केलं काय होतं? त्या दुपारी त्यांनी सुपातून अकरा तुकडे ओळखून दिले, प्रत्येक वेळी हे पाप आहे असं बजावत. मशीन चाललं तेव्हा ते उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काय वाटोळं करून राह्यली ते बघतो म्हणाले.

सतरांतून शेवटी नऊ चालती मशीनं निघाली. बाकीच्या आठांचे अवयव त्या नवांत विखुरले.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मुंबईचा एक बाबू जाडजूड कागद घेऊन आला. नव्या राज्याच्या दप्तरी सावरटोल्याला शिवण केंद्र नोंदलेलंच नव्हतं. नसलेल्या केंद्रात मशीनं असणं हा दोष होता आणि तो दूर करायला बाबू आला होता. त्याच्या हातात पावतीची नक्कल होती.

"गहाणे तुम्हीच ना? मशीनं ओळखा, सही करा, आजच घरी घेऊन जा."

दीड वर्ष ज्या वाक्यासाठी बापूजींनी अर्ज केले, ते वाक्य हे. बाबू वाचू लागला. "क्रमांक एक. काळे, सोनेरी वेलबुट्टी, चाक पितळी."

सोनेरी वेलबुट्टी समोर होती, पण चाक लोखंडी, जर्मनचं. पितळी चाक कोपऱ्यातल्या मशीनवर होतं आणि त्या मशीनवर सुगंधाबाई बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त मुठीवरचा हात थांबला. बुधरीचाही थांबला. बापूजींनी नऊही मशीनांपुढून एक फेरी मारली. प्रत्येकात काही ना काही त्यांचं होतं.

"नाई," ते म्हणाले. "यातली एकबी माही नाई."

"खात्री आहे?"

"माह्या सतरा होत्या, आन् सतराही साबूत होत्या. ह्या नऊ हायेत. एकीचं अंग, दुसरीचं चाक. असलं भेसळ सामान मी घरी नेत नसतो."

खरं सांगायचं तर यातला निम्मा राग सच्चा होता. उरलेल्या निम्म्याचं काय करावं ते त्यांनाच कळत नव्हतं. बाबूला मात्र सोयीचं झालं. त्यानं 'मालक अज्ञात, केंद्र अस्तित्वात नाही, कार्यवाहीची गरज नाही' असं लिहिलं, बुधरीकडून विजारीची उसवलेली शिवण घालून घेतली आणि चारच्या गाडीसाठी निघून गेला.

घरी आल्यावर बापूजी चपला काढत होते, तेवढ्यात सुगंधाबाई सुतळीचा तुकडा घेऊन समोर आल्या.

"काय हाये?"

"बंडी शिवतो तुमाले. हात वर करा."

आजवर बापूजी गहाण्यांना हात वर करायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा बाहेर कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.